मंगळाच्या आठ कला : योहान्स केप्लरचे जीवन आणि शोध

(संघटनेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस प्रथम विनम्र अभिवादन करतो. विज्ञानाशी संबंधित एखादा विषय निवडावा, अशी सूचना संयोजकांनी मला केली होती. मी व्यवसायाने डॉक्टर आहे. तेव्हा मी रक्तदाबावर किंवा मधुमेहावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी चारशे वर्षांपूर्वीच्या एका खगोलशास्त्रज्ञाविषयी बोलणार आहे, आणि त्याला कारण झाला आहे मंगळ.

आपल्या कुटुंबांतून विवाहाची बोलणी सुरू झाली की मुलामुलीचे शिक्षण, नोकरी, घराणे यांची चौकशी होते. ती व्हावीही. पण सगळे जमत आले असता, बुद्धवंदना नित्य होणाऱ्या घरातूनही, एखादी वडीलधारी व्यक्ती आवाज खाली आणून विचारते, "मुलीला मंगळ तर नाही ना?" सातासमुद्रापार येऊन स्थिरावलेली, दोन-दोन पदव्या मिळवलेली माणसे त्यावर गप्प बसतात. या एका ग्रहाने आपल्याकडील किती मुलींचे विवाह लांबवले आणि किती जमलेले मोडले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. ज्या माणसाने या मंगळाची खरी चाल प्रथम शोधून काढली, त्याचे नाव योहान्स केप्लर. त्याची कहाणी आपल्या मुलांनी ऐकावी आणि आपणही ऐकावी, असे मला वाटते.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी दक्षिण जर्मनीतील वाइल डेर श्टाट या लहान गावी झाला. मूल अपुऱ्या दिवसांचे आणि अशक्त होते. वडील भाडोत्री सैनिक. ते वारंवार घर सोडून लढायांवर जात आणि केप्लर ऐन तारुण्यात येण्यापूर्वीच कायमचे निघून गेले. आई काथारिना ही एका खानावळवाल्याची मुलगी. तिला झाडपाल्याची औषधे ठाऊक होती आणि शेजारीपाजारी ती ती देत असे. बालपणी केप्लरला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण त्याची नजर जन्मभरासाठी अधू झाली. आकाश डोळ्यांनी नीट पाहता येत नसलेला हा मुलगा पुढे खगोलशास्त्रज्ञ झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला तेव्हा आईने सहा वर्षांच्या योहान्सला उंच जागी नेऊन तो दाखवला होता. त्या आईची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

घरची परिस्थिती अशी की मुलाला मध्येच शाळेतून काढून शेतातल्या कामाला लावले जाई. मात्र त्या प्रदेशाच्या सरदार घराण्याने, म्हणजे व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकांनी, गरीब पण हुशार मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. त्या आधारावर केप्लर पायरीपायरीने वर चढला आणि १५८९ साली ट्युबिंगेन विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्तीचे मोल आपणास सांगावयास नको. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले नसते, तर आपल्यापैकी किती जण आज या सभागृहात असते?

ट्युबिंगेन येथे मिखाएल मेस्टलिन या प्राध्यापकांकडून केप्लरला कोपर्निकसच्या सिद्धांताची ओळख झाली. पृथ्वी स्थिर नसून इतर ग्रहांप्रमाणे सूर्याभोवती फिरते, हे कोपर्निकसने १५४३ साली मांडले होते. मेस्टलिन वर्गात बव्हंशी जुनीच पृथ्वीकेंद्री पद्धत शिकवीत, पण निवडक विद्यार्थ्यांना नवी कल्पनाही समजावून देत. केप्लर धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. परंतु १५९४ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि त्याला तिकडे पाठवण्यात आले.

ग्रात्स येथे त्याला आपली पहिली मोठी कल्पना सुचली. त्या काळी पृथ्वी धरून सहाच ग्रह ठाऊक होते. भूमितीत सर्व बाजू सारख्या असलेल्या घनाकृती पाचच असतात. या पाच आकृती एकात एक बसवल्या की त्यांच्यामध्ये सहा ग्रहांच्या कक्षांची अंतरे बसतात, असे त्याला वाटले. हा सिद्धांत मांडणारे त्याचे पुस्तक १५९६ साली प्रसिद्ध झाले. कल्पना सुंदर होती, पण ती चुकीची होती. आज आपल्याला आठ ग्रह माहीत आहेत आणि त्या पाच घनाकृतींचा ग्रहांशी काही संबंध नाही. केप्लरला मात्र ही कल्पना जन्मभर प्रिय होती. थोर माणसांनाही आपल्या कल्पनांचा लळा लागतो. असा लळा असूनही पुरावा समोर आल्यावर माणूस काय करतो, यावर त्याची परीक्षा होते.

दरम्यान ग्रात्समध्ये धर्मावरून छळ सुरू झाला. तेथील राज्यकर्ता कॅथलिक होता, केप्लर प्रोटेस्टंट पंथाचा. धर्म बदला किंवा गाव सोडा, असा हुकूम निघाला. केप्लरने गाव सोडले आणि १६०० साली तो कुटुंबासह प्राग येथे आला. तेथे टायको ब्राहे हा डेन्मार्कचा सरदार, सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या आश्रयाला होता.

टायको हा त्या युगातला सर्वश्रेष्ठ निरीक्षक. तेव्हा दुर्बीण निघालेली नव्हती. मोठमोठी धातूची आणि लाकडाची कोनमापक यंत्रे बांधून, नुसत्या डोळ्यांनी त्याने वीस वर्षांहून अधिक काळ ग्रहताऱ्यांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. येथे मुलांसाठी एक गोष्ट सांगतो. वर्तुळाचे ३६० अंश असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातील एका भागाला मराठीत 'कला' म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला सुमारे ३० कलांचा दिसतो. टायकोची मोजमापे दोन-एक कलांच्या आत अचूक असत. टायकोकडे नोंदी होत्या, पण त्यांतून सिद्धांत काढणारे गणित नव्हते. केप्लरकडे गणित होते, पण नजर नव्हती. १६०१ च्या ऑक्टोबरमध्ये टायकोचे निधन झाले, केप्लर शाही गणितज्ञ झाला आणि त्या नोंदी त्याच्या हाती आल्या.

टायकोने त्याला जे काम नेमून दिले होते ते मंगळाचे. सर्व ग्रहांत मंगळ हट्टी समजला जाई, कारण तो गणितात बसत नसे. केप्लरने प्रथम आठ दिवसांत हा प्रश्न सोडवतो अशी पैज मारली. प्रत्यक्षात त्याला पाच वर्षे लागली.

अडचण काय होती ते पाहू. दोन हजार वर्षे विद्वानांचे ठाम मत होते की आकाश पवित्र आहे आणि पवित्र वस्तूंना केवळ वर्तुळाकार आणि एकसारखी गतीच शोभते. ग्रीक तत्त्वज्ञांचे मत हेच, चर्चच्या पंडितांचे हेच. कोपर्निकसने सूर्याला मध्यभागी आणले, तरी वर्तुळ त्यानेही सोडले नाही. केप्लरनेही आरंभ वर्तुळापासूनच केला. पुनःपुन्हा, सुमारे सत्तर वेळा हाताने आकडेमोड करून त्याने मंगळासाठी एक वर्तुळ बसवले. ते टायकोच्या अनेक नोंदींशी दोन कलांच्या आत जुळले. त्या काळच्या कोणत्याही ज्योतिर्विदाने येथे लेखणी ठेवली असती. केप्लरने मात्र आणखी काही नोंदींशी ताडून पाहिले, आणि तेथे फरक निघाला आठ कलांचा.

आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग. इतक्या फरकाकडे डोळेझाक करणे सोपे होते. नोंदच चुकली असेल, असे म्हणणे त्याहून सोपे होते. केप्लरने असा विचार केला की टायकोसारख्या निरीक्षकाची चूक आठ कलांची असू शकत नाही. म्हणजे चूक नोंदीत नसून सिद्धांतात आहे. त्याने आपले कित्येक महिन्यांचे काम बाजूला सारले आणि त्याबरोबर दोन हजार वर्षांचे वर्तुळही बाजूला सारले.

आम्हा डॉक्टरांना या आठ कलांची ओळख आहे. रुग्णाचे सारे अहवाल ठीक असतात आणि एखादाच आकडा किंचित खटकतो. प्रयोगशाळेची चूक असेल, असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. चांगला डॉक्टर तो आकडा पुन्हा तपासून घेतो, कारण पुष्कळदा खरा आजार तेथेच दडलेला असतो.

वर्तुळ सोडल्यावर केप्लरने एक युक्ती योजली. मंगळ ६८७ दिवसांनी सूर्याभोवतीच्या आपल्या त्याच जागी परत येतो. त्या दिवशी पृथ्वी मात्र वेगळ्या ठिकाणी असते. तेव्हा ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी शोधून काढायच्या आणि मंगळ हा जणू रोवलेला खांब समजून, त्याच्यावरून आपली पृथ्वी कोठे होती ते मोजायचे. जमीन मोजणारा भूमापक जे करतो तेच त्याने आकाशात केले. या मोजणीतून पुढे दोन नियम निघाले. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या मध्यबिंदूत नसून एका नाभीत असतो, हा पहिला. ग्रह सूर्याच्या जवळ असताना वेगाने आणि दूर असताना सावकाश चालतो, अशा रीतीने की सूर्यापासून ग्रहापर्यंत ओढलेली रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा दुसरा. मंगळ सूर्यापासून कधी सुमारे २० कोटी ७० लाख किलोमीटरवर असतो, तर कधी सुमारे २४ कोटी ९० लाख किलोमीटरवर. जुन्या ज्योतिर्विदांना जो मंगळाचा हट्ट वाटत होता तो एवढाच. हे सारे केप्लरने १६०९ साली 'आस्ट्रोनोमिया नोव्हा', म्हणजे 'नवे खगोलशास्त्र', या ग्रंथात प्रसिद्ध केले.

या ग्रंथात आणखी एक विचार आहे, आणि आपल्या दृष्टीने मी त्याला फार मोठे महत्त्व देतो. जुन्या मतानुसार विश्वाचे दोन भाग होते. चंद्रापलीकडचे ते शुद्ध आणि अविनाशी, अलीकडचे ते हीन आणि नाशवंत. वरच्यांचे नियम वेगळे, खालच्यांचे वेगळे. ही मांडणी ऐकताना आपल्याला कशाची आठवण होते, हे मी सांगण्याची गरज नाही. केप्लरने विचारले की ग्रह फिरतो तो कोणत्या कारणाने? सूर्याकडून काही बल येत असले पाहिजे, असे त्याने मानले. त्या बलाचे स्वरूप त्याला बरोबर सांगता आले नाही. ते पुढे १६८७ साली न्यूटनने सांगितले. पण आकाशालाही जमिनीचेच भौतिक नियम लागू आहेत, त्याच्यासाठी वेगळी पवित्र संहिता नाही, ही वाट केप्लरने पाडली.

आता माझ्या क्षेत्रातील त्याच्या एका कामाविषयी सांगतो. १६०० सालच्या सूर्यग्रहणाचे निरीक्षण त्याने ग्रात्सच्या बाजारचौकात लहान छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेच्या साहाय्याने केले होते. त्या प्रतिमेचा विचार करता करता तो मानवी डोळ्यापर्यंत पोहोचला. त्या काळी पाहण्याचे मुख्य काम डोळ्यातील भिंग करते, अशीच समजूत प्रचलित होती. १६०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात केप्लरने दाखवून दिले की भिंग केवळ किरणांना वळवते. प्रतिमा पडते ती मागच्या दृष्टिपटलावर, आणि तीही उलटी. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाला दूरचे धूसर का दिसते आणि अंतर्वक्र भिंगाच्या चष्म्याने ते स्पष्ट का होते, याचा खुलासाही त्याने केला. पुढे शायनर नावाच्या शास्त्रज्ञाने बैलाच्या डोळ्याचा मागचा भाग कापून ती उलटी प्रतिमा प्रत्यक्ष पाहिली. आज या सभागृहात ज्यांनी ज्यांनी चष्मा लावला आहे, त्या सर्वांवर देवीने दृष्टी अधू झालेल्या या माणसाचे थोडे ऋण आहे.

केप्लरचे आयुष्य सुखाचे नव्हते. १६११ साली त्याचा सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला आणि त्याच वर्षी पत्नी बार्बारा तापाने गेली. पुढे तो लिन्झ येथे आला, तर तेथे त्याच्या स्वतःच्याच पंथाने त्याला प्रभूभोजनाच्या विधीतून वगळले. कारण एवढेच की पंथाच्या मतपत्रिकेतील एक कलम त्याला पटत नव्हते आणि न पटताच सही करण्यास तो तयार नव्हता. कॅथलिकांनी हाकलले आणि प्रोटेस्टंटांनी बाहेर ठेवले, अशी त्याची अवस्था झाली.

अशा दिवसांत, एक तान्ही मुलगी गमावल्यानंतर काही महिन्यांनी, १५ मे १६१८ रोजी त्याला तिसरा नियम गवसला. ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाशी प्रमाणात असतो. मुलांनो, हे तुम्ही घरी करून पाहू शकता. पृथ्वीचे अंतर १ धरले तर गुरूचे ५.२ येते. त्याचा घन सुमारे १४०.६. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास ११.८६ वर्षे लागतात. त्याचा वर्ग सुमारे १४०.७. मंगळ घेतला तरी हिशेब जुळतो आणि शनी घेतला तरी जुळतो. हा नियम सापडल्यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये त्या ठिणग्या पडल्या, ज्यांतून युरोपला जाळणारे तीस वर्षांचे धर्मयुद्ध पेटले.

आणि आता त्याच्या आईची गोष्ट. १६१५ साली लिओनबर्ग या गावी एका बाईने आरोप केला की काथारिनाने आपल्याला कडू पेय पाजले आणि त्यामुळे आपल्याला दुखणे जडले, ती चेटकीण आहे. एकदा हा शब्द उच्चारला गेला आणि गावाची स्मरणशक्ती जागी झाली. कोणाचा पाय लुळा पडला होता, कोणाचे जनावर मेले होते. एका मुलीचा हात काथारिना शेजारून गेली तेव्हा दुखला होता. सारे तिच्या माथी आले. चेटकिणी ठरवून युरोपात त्या दोन-तीन शतकांत अंदाजे ४० ते ५० हजार माणसे मारली गेली, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बऱ्याचशा म्हाताऱ्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या काथारिनाला तिच्या मुलीच्या घरातून रात्री उचलून नेण्यात आले आणि साखळदंडाने जखडून ठेवण्यात आले.

केप्लर तेव्हा सम्राटाचा गणितज्ञ होता. आईपासून दूर राहिला असता तर त्याचे पद आणि नाव सुरक्षित राहिले असते. उलट त्याने लिन्झमधील काम सोडले, कुटुंबासह दूरचा प्रवास केला आणि आईचा खटला स्वतः हाती घेतला. खटल्याचा प्रत्येक कागद त्याने मागवला. प्रत्येक साक्ष त्याने मंगळाच्या नोंदीसारखी तपासली: कोण, केव्हा, काय म्हणाले, पूर्वी काय म्हणाले होते, त्यांत फरक का पडला. मुलीचा हात दुखला कारण ती विटा वाहत होती. पाय अधू झालेला शाळामास्तर ओझे घेऊन चर उडी मारून ओलांडताना जायबंदी झाला होता. आरोप करणाऱ्या बाईचे दुखणे त्या पेयाच्या आधीपासूनचे होते. शंभरावर पानांचे लेखी उत्तर त्याने दिले. सप्टेंबर १६२१ मध्ये आईला छळाची हत्यारे दाखवून कबुलीजबाबासाठी धमकावण्यात आले. म्हातारी डगमगली नाही. खोटे कबूल करणार नाही, असे तिने सांगितले. १४ महिन्यांच्या कैदेनंतर ती सुटली आणि सहाच महिन्यांनी, एप्रिल १६२२ मध्ये, मरण पावली.

एक डॉक्टर म्हणून मी हे वाचतो तेव्हा मला ते रोगनिदानाचे उत्तम उदाहरण वाटते. दुखण्याला कारण असते. ते शरीरात शोधावे, अपघातात शोधावे, शेजारणीच्या नजरेत शोधू नये. ही गोष्ट केवळ जुन्या जर्मनीची आहे असे समजू नका. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात 'डाकीण' आणि पालघर-ठाण्याकडे 'भुताळी' ठरवून स्त्रियांना मारल्याच्या घटना आपल्याच आयुष्यात घडल्या आहेत. याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही डॉक्टरच होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केप्लर स्वतः कुंडल्या मांडीत असे. सम्राटाकडून पगार वेळेवर मिळत नसे आणि सरदार मंडळी भविष्यासाठी पैसे मोजत. शिवाय ग्रहांच्या परस्पर कोनांचा माणसाच्या स्वभावावर काही परिणाम होतो, असे तो मानतही असे. बाजारू भविष्यकथनावर त्याने कठोर टीका केली, पण त्या विश्वासातून तो पूर्ण मुक्त झाला नाही. मग त्याला मान कशासाठी द्यायचा? त्याने दिलेल्या कसोटीसाठी. त्या कसोटीवर त्याच्या पाच घनाकृती टिकल्या नाहीत, त्याच्या कुंडल्या टिकल्या नाहीत. त्याचे तीन नियम टिकले. कोणतीही गोष्ट परंपरेने आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आदरणीय गुरूने सांगितली म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले. हा उपदेश आपल्या आवडत्या माणसांनाही लागू होतो.

केप्लरचा शेवट प्रवासात झाला. सम्राटाकडून त्याची सुमारे १२ हजार गुल्डन थकबाकी येणे होती. ती मागण्यासाठी तो घोड्यावरून रेगेन्सबर्गला गेला, तेथे तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी वारला. ज्या स्मशानभूमीत त्याला पुरले, ती युद्धात उद्ध्वस्त झाली. त्याची कबर आज कोठेही नाही. परंतु त्याने १६२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रहकोष्टकांच्या आधारे त्याने आधीच जाहीर केले होते की ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल. त्या दिवशी पॅरिसमध्ये गासेंदी नावाचा विद्वान पाहत बसला आणि बुधाचा काळा ठिपका सूर्यावरून सरकताना त्याने पाहिला. सांगणारा माणूस वर्षभरापूर्वी गेला होता. आकाशाविषयीचे खरे भविष्य असे असते.

मित्रहो, आता पुन्हा आपल्या घराकडे येऊ. केप्लरच्या नियमांच्या आधारे आखलेल्या मार्गाने भारताचे मंगळयान सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याच मंगळाच्या नावाने आपण एखाद्या मुलीला नकार देत असू, तर आपली पदवी कशासाठी आणि आपली दीक्षा कशासाठी? आपल्या धम्माचे याविषयीचे मत संदिग्ध नाही. ब्रह्मजाल सुत्तात ग्रहनक्षत्रांवरून शुभाशुभ सांगणे आणि विवाहाचे मुहूर्त काढणे हे भिक्खूंसाठी त्याज्य असे हीन उपजीविकेचे साधन ठरवले आहे. नक्खत्त जातकातील कथा तर आपल्यासाठीच सांगितल्यासारखी आहे. लग्न ठरलेले असते. आधी विचारले नाही म्हणून रागावलेला एक तापस, आज नक्षत्र चांगले नाही, असे वरपक्षाला सांगतो. ते जात नाहीत. आणि वाट पाहून कंटाळलेले वधूपक्षाचे लोक मुलीचे लग्न दुसऱ्याशी लावून देतात. नक्षत्राची वाट पाहणाऱ्याच्या हातून लाभाची वेळ निघून गेली, हा त्या कथेचा बोध. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही, ही प्रतिज्ञा आहे. पुरोहिताला दारातून परत पाठवून त्याची पत्रिका संगणकावरून घरात घ्यायची, हे त्या प्रतिज्ञेला शोभणारे नाही.

विवाहापूर्वी काही जुळवून पाहायचेच असेल तर डॉक्टर म्हणून माझी एक कळकळीची सूचना आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही लक्षणीय प्रमाणात आढळतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे त्याच भागात आहेत. वाहक व्यक्ती स्वतः बहुधा निरोगी असते, तिला कळतही नाही. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या एका साध्या चाचणीने हे आधी कळते. थॅलेसेमियाचेही तसेच. आपल्या मुलामुलींनी विवाहापूर्वी ही चाचणी करून घ्यावी. मात्र एक पथ्य पाळा. वाहक असणे हा उद्याचा नवा 'मंगळ' होऊ देऊ नका. दोघांनी माहिती घ्यावी, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि डोळसपणे आपला निर्णय आपण करावा. नकाराचे आणि अपमानाचे नवे निमित्त म्हणून त्या अहवालाचा उपयोग कोणी करू नये.

कार्यकारिणीलाही एक विनंती आहे. दर सुमारे २६ महिन्यांनी मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो आणि तांबूस ताऱ्यासारखा ठळक दिसतो. पुढच्या वेळी तो आला की एक लहानशी दुर्बीण मिळवून आपल्या मुलांना एकत्र बोलवावे. ज्या घरांत पत्रिकेचा विषय चालू असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना तर अगत्याने बोलवावे आणि पहिला मान त्यांना द्यावा. तो ग्रह त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. त्याला किती दिवसांत कोठे जायचे आहे, हे चारशे वर्षांपासून माणसाला ठाऊक आहे. आपल्या मुलीचे कोणाशी जमावे, याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

 नमो बुद्धाय. जय भीम.